सीतेचा आक्षेप आणि घरातलं पिस्तूल

नाशिक शहरात राहणाऱ्या माणसाला घराच्या रक्षणासाठी पिस्तूल हवं असेल तर त्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. निफाड, सिन्नर किंवा दिंडोरीच्या मळ्यात राहणाऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांच्या चौकटीत मग चौकशी सुरू होते. वय किती, धंदा काय, अंगावर गुन्हे आहेत का, मन ठिकाणावर आहे का, जिवाला धोका कुणापासून? पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. चोर कधी आलाच नाही, तर कपाटातलं हे शस्त्र पुढची वीस-पंचवीस वर्षं घरातल्या माणसांचं काय करील?

प्रश्न जुना आहे. तो पहिल्यांदा विचारला गेला तो नाशिककरांच्या चांगल्या ओळखीच्या माणसांमध्ये, पंचवटीच्या वाटेवर.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम, सीता आणि लक्ष्मण सुतीक्ष्ण ऋषींच्या आश्रमातून निघतात. दंडकारण्यातल्या ऋषींनी राक्षसांचा जाच रामाच्या कानावर घातलेला असतो आणि त्याने त्यांना संरक्षणाचा शब्द दिलेला असतो. चालता चालता सीता आक्षेप घेते. इच्छेतून माणसाला तीन व्यसनं जडतात, असं तिचं म्हणणं: खोटं बोलणं, परस्त्रीचा लोभ आणि वैर नसताना केलेली हिंसा. पहिली दोन रामात नाहीत, तिसऱ्याची तिला धास्ती वाटते. हातात धनुष्य असलं की रानातलं कुणीही दिसताच बाण सुटणार, इंधन जवळ असलं की आग भडकते तसं शस्त्र जवळ असलं की क्षत्रियाचं बळ उसळतं, असं ती सांगते.

मग ती एक गोष्ट सांगते. एक सत्यवचनी तपस्वी वनात राहत होता. त्याच्या तपात विघ्न आणण्यासाठी इंद्र शिपायाच्या वेशात आला आणि एक उत्तम खड्ग त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळायची म्हणून तपस्वी ते खड्ग सतत जवळ बाळगू लागला. कंदमुळं आणायला गेला तरी खड्ग सोबत. हळूहळू त्याची बुद्धी क्रूर झाली, तप मागे पडलं आणि अखेर तो नरकात गेला. या गोष्टीत चोर नाही, शत्रू नाही, लढाई नाही. आहे ते फक्त एक शस्त्र आणि ते इमानेइतबारे सांभाळणारा एक भला माणूस.

रामाला तिचं बोलणं आवडतं, पण तो शस्त्र ठेवत नाही. आर्तांचा आक्रोश ऐकू येऊ नये म्हणूनच क्षत्रियांनी धनुष्य धरायचं असतं, ऋषी शरण आले आहेत, त्यांना शब्द दिला आहे आणि तो मोडता येणार नाही, असं त्याचं उत्तर. उत्तर भक्कम आहे. तरी बारकाईने पाहिलं तर रामाने शस्त्र का धरलं याचं कारण दिलं. शस्त्र बाळगणाऱ्याचं मन त्यामुळे बदलतं का, या शंकेला त्याने हात लावला नाही. तपस्व्याची गोष्ट खोडून न काढता तशीच राहू दिली. शिवाय रामाचं कारण दुसऱ्यांच्या रक्षणाचं होतं. आपल्या घरातलं सोनं आणि आपली माणसं राखण्यासाठी पिस्तूल घेणाऱ्या गृहस्थाला ते जसंच्या तसं उसनं घेता येत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या डोंगरांत या वादाच्या सगळ्या बाजू कोरलेल्या सापडतात. शहराजवळच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन करताना ती त्याला अद्वितीय धनुर्धर म्हणते, शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने नाश केल्याचं सांगते आणि त्याच लेखात असंही नोंदवते की अपराधी शत्रूचेही प्राण घेण्याची त्याला आवड नव्हती. ही दोन विधानं एकमेकांना छेद देतात, असं त्या राजमातेला वाटलेलं दिसत नाही. शस्त्रात पारंगत असणं आणि हिंसेची गोडी नसणं या दोन्ही गोष्टी एका माणसात असाव्यात, ही तिची अपेक्षा होती आणि तिने ती दगडावर लिहवून ठेवली.

बागलाणात, मांगी-तुंगीच्या सुळक्यांवर, वेगळाच राम भेटतो. जैन परंपरेत रावणाला मारणारा लक्ष्मण आहे. त्या वधाचं फळ म्हणून लक्ष्मण नरकात जातो. राम रावणाला मारत नाही, पुढे दीक्षा घेतो आणि तुंगीगिरीवर मोक्षाला जातो. म्हणजे एकाच जिल्ह्यात पंचवटीचा राम धनुष्य धरून उभा आहे आणि तुंगीचा राम ते खाली ठेवून ध्यानाला बसला आहे. तरीही जैन आचार गृहस्थाला निःशस्त्र व्हायला सांगत नाही. हिंसेचे चार प्रकार तिथे मानले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला पूर्ण वर्ज्य आहे. स्वतःच्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, हे धर्म मान्य करतो. पण त्याच धर्माने विनाकारण होणाऱ्या पापांच्या यादीत हिंसादान घातलं आहे. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती पडू देणं हे वेगळं पाप. कपाटाची किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवणाऱ्याने हे कलम ध्यानात घ्यावं.

आणि सिंहस्थ कुंभमेळा? सीतेच्या गोष्टीतला खड्गधारी तपस्वी बारा वर्षांनी एकदा नाशिकला हजारोंच्या संख्येने येतो. आखाडे भाले आणि तलवारी पूजतात, शाही मिरवणुकीत मिरवतात. परधर्मीयांपासून रक्षणासाठी साधूंनी शस्त्रं घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते. मात्र अठराव्या शतकात त्याच शस्त्रांनी शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी स्नानाच्या मानावरून एकमेकांवर तुटून पडले. वाद पेशव्यांपर्यंत गेला. आजही शैवांचं स्नान त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात आणि वैष्णवांचं नाशिकच्या रामकुंडात होतं, ती त्या रक्तपातानंतरच्या व्यवस्थेची खूण आहे. संरक्षणासाठी आलेलं शस्त्र प्रतिष्ठेसाठी चाललं.

मुळात स्वतःचा जीव वाचवताना दुसऱ्याला मारणं योग्य की अयोग्य, यावर धर्मशास्त्रांनी फार काळ घोळ घातलेला नाही. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारून आलेला, धन लुटणारा, शेत किंवा स्त्री पळवणारा असे सहा आततायी स्मृतींनी सांगितले आणि असा माणूस चालून आला तर गुरू असो की वृद्ध, विचार न करता मारावा, असं मनूने म्हटलं. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त अहिंसेचे अपवाद चर्चिताना हेच वचन पुढे केलं. खरी कसरत भाष्यकारांनी केली. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, 1100 च्या आसपास, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त हा प्रश्न घेतला. ब्राह्मण आततायीचं काय करायचं, एवढ्यापुरती ती चर्चा असल्याने तिच्यातला वर्णभेद उघड आहे. पण तिच्यातून निघालेलं तत्त्व मोलाचं ठरलं. मारण्याचा हेतू नसताना, केवळ हल्ला निवारताना मृत्यू घडला तर दोष हलका. पुढे दीडएकशे वर्षांनी युरोपात थॉमस अक्वायनसने जवळपास हेच मांडलं: स्वतःला वाचवण्याचा हेतू असेल आणि बळ गरजेपुरतंच वापरलं असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू पाप ठरत नाही.

आजचा कायदाही हेतू आणि माप या दोन खुंट्यांवरच टांगलेला आहे. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाची. जिवावर बेतलं असेल, जबरी चोरी होत असेल, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडलं जात असेल, राहत्या घराला आग लावली जात असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा मृत्यूही क्षम्य ठरू शकतो. पण कलम 37 लगाम घालतं. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. न्यायालयं मात्र घाबरलेल्या माणसाला समजून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर्शन सिंग खटल्यात स्पष्ट केलं की प्राणावर बेतलेल्या माणसाने प्रतिकाराचं बळ काट्यावर मोजून वापरावं, अशी अपेक्षा धरता येत नाही.

नाशिकला पिस्तूल म्हटलं की एक तारीख आठवतेच. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता आणि तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांना ब्राउनिंग पिस्तुलाने ठार केलं. लंडनहून सावरकरांनी धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. शहरातलं मोठं मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखलं जातं. तो प्रश्न राज्यसत्तेविरुद्धच्या लढ्याचा होता. रात्री मागचं दार फोडणाऱ्या चोराचा नव्हता. पण शस्त्राकडे पाहण्याची मराठी मनाची एक सवय त्या काळाने घडवली. लॉर्ड लिटनच्या अमदानीतल्या 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, ही बोच खरी होती. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत धरलेला होता.

स्वातंत्र्यानंतर हा हक्क राज्यघटनेत का आला नाही, याचं उत्तर डॉ. आंबेडकरांच्या डिसेंबर 1948 मधल्या भाषणात मिळतं. हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घालण्याची दुरुस्ती सुचवली होती. आंबेडकरांनी परकी सत्तेखालच्या त्या मागणीचं कारण मान्य केलं, पण स्वतंत्र देशात प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते शस्त्र घेण्याची मोकळीक दिली तर राज्य चालवायचं कसं, असा सवाल केला. व्यक्तीच्या शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा, देशाला गरज पडेल तेव्हा शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर त्यांचा भर होता. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून भारतात बंदूक ही सवलत आहे. मूलभूत हक्क तो नाही, आणि सरकार कारण विचारणार हे गृहीत आहे.

तर सवलत मिळाली असं धरू. निवड कशाची करायची?

कायदा स्वतःच एक दिशा दाखवतो. किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी आणि ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी, यांबाबत त्याची भूमिका तुलनेने मोकळी आहे. आवडीचं शस्त्र म्हणजे अर्थातच .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. 9 मिलिमीटर आणि .38 ही निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, सामान्य अर्जदाराला मिळत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षं चालतो. गावठी कट्ट्याचा विचार मनात आणणाऱ्यासाठी तीच दुरुस्ती 2 ते 5 वर्षांची कैद सांगते.

गुळगुळीत नळीच्या बाराबोर बंदुकीबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: छर्रे पसरतात, तेव्हा नेम धरायची गरज नाही. दिवाणखान्याच्या अंतरात छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत पसरतात. नेम धरावाच लागतो. त्यातून लांब नळी फ्लॅटच्या अरुंद बोळात वळवताना अडते आणि झटापटीत समोरच्याच्या हाती लागते. मळ्यातल्या वस्तीवर, उघड्या अंगणात, तीच बंदूक सोयीची पडते. रिव्हॉल्व्हर साधं. सहा गोळ्या, मॅगझिन नाही, अडकण्याची शक्यता कमी. मात्र चाप जड असल्याने हात हलतो आणि नेम चुकतो. पिस्तुलाला सेफ्टी असते, मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते आणि कित्येक अपघात त्या विसरलेल्या एका गोळीने होतात. 2014 च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं हलकं .32 रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं, किंमत 1 लाख 22 हजारांच्या घरात. शस्त्र जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त जाणवतो, आणि सराव तितकाच जास्त लागतो. गोळी प्लायवूडचं दार आणि खिडकीची काच सहज भेदते. दारापलीकडे मुलांची खोली असेल तर कोणतंही शस्त्र योग्य निवड ठरत नाही.

निवडीपेक्षा सराव महत्त्वाचा आणि सराव म्हणजे नेमका कशाचा, इथे पुन्हा पुराणं उपयोगी पडतात. बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रं देतो. ती मिळताच राम पुढचं मागणं मागतो ते अस्त्रं मागे घेण्याच्या विद्येचं. महाभारत युद्धाच्या अखेरीस अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात. अर्जुनाला ते परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही आणि त्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडतं. सोडता येणं ही अर्धी विद्या. पिस्तुलाच्या बाबतीत तर सुटलेली गोळी परत घेण्याचा मंत्र कुठल्याच गुरूकडे नाही. त्यामुळे आवरणं जे काही आहे ते चापावर बोट जाण्यापूर्वीच आवरावं लागतं. नेमबाजीचे मूळ नियम याच आवरण्याचे आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजायचं. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि लक्ष्य कोण, त्याच्या मागे काय, हे ठाऊक झाल्याशिवाय गोळी नाही.

शेवटचा नियम मोडला की काय होतं हे दशरथाला विचारावं. आवाजाच्या रोखाने बाण मारण्याच्या विद्येत तो तरबेज होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. पावसाळ्यात रात्री शरयूच्या काठी पाण्यात बुडबुड ऐकू आली, हत्ती समजून त्याने बाण सोडला. घडा भरणारा तरुण तपस्वी मेला. लोककथा त्याला श्रावणबाळ म्हणतात. दशरथाच्या सरावात खोट नव्हती, बाण अचूक लागला. चुकली ती ओळख पटवण्याची पायरी, आणि पुढचं सगळं रामायण त्या चुकीच्या शापातून वाहत आलं. 14 फेब्रुवारी 2013 च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेत धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. घरात चोर शिरला असं वाटलं, हे त्याचं म्हणणं. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प होती. 2015 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्याला खुनाचा दोषी ठरवलं; दारामागे कुणीही असो, चार गोळ्या झाडताना तो मरेल हे त्याला कळत होतं, असा त्या निकालाचा गाभा होता.

नाशिकला नेमबाजीची परंपरा आहे. देवळालीत तोफखान्याची शाळा, त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी, डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी 1937 मध्ये सुरू केलेली भोसला मिलिटरी स्कूल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून नाशिकला येऊन नेमबाजी शिकला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. श्वास, नाडी आणि बोट यांचा असा ताळमेळ ही साधनाच म्हणायची. पण रेंजवर उजेड असतो, वेळ असतो, लक्ष्य जागचं हलत नाही आणि मध्ये कुणाचं मूल झोपेतून उठून येत नाही. घरासाठी शस्त्र घेणाऱ्याला रेंजवरच्या सरावाबरोबर रिकाम्या शस्त्राने आणखी एक सराव करावा लागतो. कुलूप उघडणं, दिवा लावणं, मोठ्याने हाक मारून समोरचा कोण ते विचारणं, घरातल्यांना एका खोलीत घेणं, पोलिसांना फोन करणं आणि शस्त्र न झाडता थांबून राहणं. बहुतेक परवानाधारकांनी हा सराव एकदाही केलेला नसतो. दसऱ्याला शस्त्राची पूजा होते, फुलं वाहिली जातात, वर्षभर तेल मात्र पडत नाही.

सीतेची शंका आता आकड्यांत तपासता येते, कारण बंदुका आणि त्यांच्या नोंदी दोन्ही अमेरिकेत मुबलक आहेत. कॅलिफोर्नियातल्या 2 कोटी 60 लाखांहून अधिक प्रौढांचा मागोवा घेणारा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे 8 पट आणि स्त्रियांत सुमारे 35 पट निघालं. त्याच संशोधकांनी 2022 मध्ये पिस्तूलधारकाच्या घरात राहणाऱ्या, स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यांचा खून होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. कॅलिफोर्नियाचे आकडे नाशिकला चिकटवता येत नाहीत. तिथली घरं, कायदे आणि बंदुकांची संख्या वेगळी. पण घडणारी गोष्ट तीच आहे. राग, दारू, कर्ज, नैराश्य यांची लाट येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. तपस्व्याचं खड्ग बाहेरच्या कुणावर चालायच्या आधी त्याच्या स्वतःवर चाललं होतं.

पंचवटीतल्या चोरीचा तपशीलही विसरण्यासारखा नाही. त्या आश्रमात त्या काळातले दोन सर्वोत्तम धनुर्धर राहत होते आणि अगस्त्यांनी दिलेलं दिव्य धनुष्य, खड्ग, अक्षय भाते जवळ होते. तरी सीता पळवली गेली, कारण दोघांना बाहेर काढलं गेलं आणि चोर भिक्षेकऱ्याच्या वेशात दारात आला. आजची घरफोडीही बहुधा कुलूपबंद घर हेरूनच होते आणि तेव्हा कपाटातलं पिस्तूल हा चोराच्या हाती लागणारा आणखी एक ऐवज असतो. पंचवटीत त्या दिवशी लढला तो शेजारी. तुम्ही दोघे नसाल तेव्हा सीतेकडे मी लक्ष ठेवीन, असा शब्द जटायूने आधीच दिला होता आणि तो म्हातारा पक्षी चोच आणि नखं घेऊन रावणाला भिडला. इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद हे जटायूचं ठिकाण, असं नाशिककर मानतात. जिल्ह्यातल्या अनेक गावांत आज एका फोनवर गावभर निरोप पोहोचवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, ग्रामरक्षक दलं आहेत, 112 हा आपत्कालीन क्रमांक आहे. पिस्तुलाच्या किमतीत चांगले दरवाजे, दिवे, कॅमेरे आणि दोन कुत्री येतात.

मग निकाल काय? स्वसंरक्षण हा अधर्म नाही, याबद्दल मनू, जैन आचार्य, अक्वायनस आणि भारतीय न्याय संहिता यांचं एकमत आहे; त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण घरात शस्त्र ठेवण्याचा निर्णय एका रात्रीच्या हल्ल्यापुरता नसतो, हजारो साध्या रात्रींचा असतो. त्या कसोटीवर नाशिकच्या बहुसंख्य घरांना पिस्तुलाची गरज नाही. ज्याच्या जिवाला खरोखर नाव घेण्याजोगा धोका आहे, ज्याची वस्ती गावापासून लांब आहे, जो वर्षभर नियमित सराव करील आणि शस्त्र व काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवील, त्याने परवाना घ्यावा. पूजेपुरतं शस्त्र ज्याला हवं आहे त्याने तलवारीच्या तसबिरीवर भागवावं.

ज्यांच्या घरी आधीच परवान्याचं शस्त्र आहे त्यांना एवढीच विनंती: घरात कुणी दारूच्या आहारी गेलं असेल, भांडणं हातघाईवर येत असतील, कुणाचं मन खचलेलं दिसत असेल, तर ते शस्त्र आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि खचलेल्या माणसासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोला. घरातले दिवस सुधारले की जमा केलेलं शस्त्र रीतसर परत घेता येतं.